दोन ऑपरेशनांच्या मधली वेळ

त्या निवृत्त मास्तरांना तिसऱ्यांदा परत पाठवायची वेळ आली, तेव्हा ते सांगायला सिस्टर स्वतः वॉर्डात गेल्या. एरवी असे निरोप वॉर्डातली कुणीतरी नर्स द्यायची. ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज सिस्टरांना पेशंटचं तोंड बघावं लागायचं नाही. मास्तर सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता कॉटवर बसून होते. हर्नियाचं साधं ऑपरेशन, पण त्यांचा नंबर शेवटचा, आणि शेवटच्यापर्यंत पोचेतो दिवस सरायचा. सिस्टरांना वाटलं होतं, मास्तर चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं.

“उपाशी राहायचं काही नाही हो,” मास्तर म्हणाले. “पण दर वेळी मनाची तयारी करायची आणि संध्याकाळी ती उतरवून ठेवायची, हे आता मला जमत नाही.”

घरी जाताना धाकटा दीर बरोबर होता. तो त्याच थिएटरात टेक्निशियन होता. भुलीचं मशीन, नळ्या, टेबल, दिवे, सगळं त्याच्या हाती. त्याला तो कोर्स करायला सिस्टरांनीच लावलं होतं, पण नोकरी त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. दोघे भाऊ एकाच घरात राहत, थोरला खाली, धाकटा वर, आणि स्वयंपाक एकत्र. सिस्टरांना मूलबाळ नव्हतं. धाकट्याची मुलगी शाळेतून आली की दप्तर काकूच्या कॉटवर टाकायची आणि मगच वर आईला तोंड दाखवायची.

चालता चालता सिस्टरांनी दिराला विचारलं, “भावोजी, आपल्याकडे नेमकं कुणामुळे अडतं?”

तो हसला. “वहिनी, ज्याला विचाराल तो दुसऱ्याचं नाव सांगेल. मला विचाराल तर मी तुमचं सांगेन.”

त्यांनी राग मानला नाही. सांगा म्हणाल्या. मग घर येईपर्यंत तो सांगत राहिला, आणि त्यांनीही आपल्या बाजूचं ऐकवलं. टेबलावर पेशंट आल्याशिवाय नर्स हत्यारांचे सेट उघडत नाहीत, म्हणून तो मशीन लावायची घाई करत नाही. नर्स सेट उघडत नाहीत, कारण पेशंट येईल याचा भरवसा नसतो. पेशंट येत नाही, कारण ट्रॉलीवाले मामा थिएटरच्या फोनची वाट बघत असतात. फोन होत नाही, कारण भुलीच्या मॅडम सर्जन दिसल्याशिवाय हो म्हणत नाहीत. आणि सर्जन येत नाहीत, कारण त्यांना कुणी पेशंट तयार आहे म्हणून कळवत नाही. सगळे सकाळपासून एकमेकांची वाट बघत बसायचे, आणि प्रत्येकाला वाटायचं, आपण तेवढे तयार आहोत. थिएटरं दोन, पण दोन ऑपरेशनांच्या मध्ये तासतास टेबलं रिकामी पडायची. संध्याकाळी सगळे दमून घरी जायचे ते काम करून नव्हे, ताटकळून.

पुढच्या आठवड्यात सिस्टरांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. सर्जन, भुलीच्या मॅडम, तिन्ही नर्स, दोघे टेक्निशियन, म्हणजे दीर आणि तात्या, सफाईच्या सगळ्या मावशी आणि ट्रॉलीवाले मामा. असं सगळं कोंडाळं कधी एका खोलीत बसलेलं नव्हतं. सर्जन आत आले आणि कोण रिटायर होतंय म्हणून विचारू लागले.

पहिल्या दोन बैठका नुसत्या भांडणात गेल्या. एका नर्सने स्पष्ट सांगितलं की ट्रॉली ओढायला ती शिकलेली नाही. मामा म्हणाले, मग मलाही सुई टोचायला शिकवलेलं नाही, आपण दोघे अडाणीच. तात्या, जे दिरापेक्षा कितीतरी वर्षं जुने होते, म्हणाले की हे सगळं याआधी करून झालंय, पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखं आहे, चार दिवस उघडतात आणि मग कोपऱ्यात. तिसऱ्या बैठकीत भुलीच्या मॅडमचा बांध फुटला. सरांची गाडी फाटकात दिसल्याशिवाय मी कुणालाही भूल देणार नाही, त्या म्हणाल्या. एकदा दिली होती, आणि सर आले ते पाऊण तासाने. तेवढा वेळ त्या एका झोपलेल्या माणसाच्या उशाशी देवाचा धावा करत बसल्या होत्या.

सर्जनचा चेहरा लाल झाला. सगळ्यांना वाटलं, आता हे उठून जाणार. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले की त्यांना तो दिवस आठवतो. मग म्हणाले, सुरुवातीला ते रोज वेळेवर यायचे. येऊन कपडे बदलायच्या खोलीत खुळ्यासारखे बसायचे. शेवटी त्यांनी वेळेवर येणं सोडलं.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या दिवसापासून खरं बोलणं सुरू झालं.

ठरलं ते फार मोठं नव्हतं. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी सगळ्यांनी पाच मिनिटं थिएटरच्या दारात उभं राहायचं, आज काय काय आहे, कुठे अडेल, हे बोलायचं. आधीच्या पेशंटचे टाके पडायला लागले की पुढच्याला वॉर्डातून आणायचं, फोनची वाट बघायची नाही. भुलीच्या मॅडमनी त्याला बाहेरच तपासायचं. दिराने एक जास्तीचा नळ्यांचा संच बाजूच्या खोलीत जोडून ठेवायला सुरुवात केली. मावशींना कुठला कोपरा कधी मोकळा होईल हे नर्स आधी सांगू लागल्या. आणि ज्याचे हात रिकामे असतील त्याने ट्रॉलीला हात लावायचा, मग तो कुणी का असेना. एकदा मामा लिफ्टमध्ये अडकले तेव्हा सर्जन स्वतःच पेशंट आणायला गेले. त्या बाईंनी त्यांच्या हातात आपल्या चपला दिल्या आणि बजावलं, “नीट सांभाळा हं, नव्या आहेत.” सरांनी त्या ऑपरेशन संपेपर्यंत स्वतःच्या कपाटात ठेवल्या. ही गोष्ट ते पुढे कित्येक दिवस ज्याला त्याला सांगत होते.

हळूहळू गाडी रुळावर आली. मास्तरांचं ऑपरेशन दुपारच्या आत झालं. परत पाठवलेल्या पेशंटचा वॉर्डात जो एक कायमचा घोळका असायचा, तो दिसेनासा झाला. माणसं उजेडात घरी जाऊ लागली. तात्यासुद्धा नाकं मुरडत का होईना, सकाळी दारात पहिले उभे असायचे. घरी जेवताना दीर नकला करून दाखवायचा, सर कसे चपला घेऊन उभे होते, मॅडम आता कशा गाडीकडे न बघता भूल देतात. जाऊ हसून म्हणायची, तिकडे मोठं ऑपरेशन झटपट होतं आणि इकडे आमच्या नळाचा वायसर बदलायला महिना. सिस्टरांच्या आयुष्यात एवढे बरे दिवस नोकरीतून कधी आले नव्हते. आपण काहीतरी उभं केलं, असं त्यांना वाटायचं, आणि ते त्या कुणाजवळ बोलायच्या नाहीत.

मग व्यवस्थापकांनी बोलावलं. आधी कौतुक झालं. थिएटरच्या सगळ्या मंडळींचा फोटो काढून तो मुख्य दारापाशी लावला गेला. थोड्या दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा दार लावून घेतलं होतं. व्यवस्थापक तसे सभ्य गृहस्थ होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की पूर्वी जे काम दोन थिएटरांत दिवसभर चालायचं ते आता एकात, आणि दुसऱ्यात फक्त सकाळी, भागतंय. तेव्हा दुसरं थिएटर दुपारनंतर बंद करता येईल. म्हणजे एक टेक्निशियन, एक नर्स आणि दोन मावशी जास्तीच्या ठरतात. नर्सला वॉर्डात घेता येईल. बाकीच्यांचं बघावं लागेल.

सिस्टरांना आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या की वाचलेल्या वेळात आणखी पेशंट घेता येतील, ताटकळत पडलेले कितीतरी आहेत. व्यवस्थापक म्हणाले, त्याचा विचार वरच्या पातळीवर झालाय.

“पण ही माणसं होती म्हणून हे झालं,” सिस्टर म्हणाल्या.

“तुम्हीच तर दाखवून दिलंत, सिस्टर,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “की एवढी माणसं लागत नाहीत.”

त्या तशाच सर्जनकडे गेल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, हा अन्याय आहे म्हणाले, मीटिंगमध्ये मी बोलतो म्हणाले. सिस्टरांना धीर आला. त्या मीटिंगला भुलीच्या मॅडमही होत्या. दुसऱ्या दिवशी हात धुताना त्यांनी मान वर न करता सिस्टरांना सांगितलं की विषय निघाला तेव्हा त्या एकट्याच विरोधात बोलल्या. सर खिडकीबाहेर बघत होते. नंतर सरांनी एवढंच विचारलं, की दुसऱ्या थिएटरातली सकाळची वेळ आपल्याला मिळेल का. मिळाली.

सर समोर आले तेव्हा सिस्टरांनी नेहमीसारखे हातमोजे पुढे केले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. कुठल्या टेक्निशियनला ठेवायचं याबद्दल इन्चार्ज म्हणून तुमचं मत द्या, असं व्यवस्थापकांनी विचारलं. एकीकडे तात्या, जुने, सावकाश, हाताला थोडा कंप सुरू झालेला. दुसरीकडे दीर. काम कुणाला जास्त येतं हे थिएटरच्या भिंतींनासुद्धा माहीत होतं. सिस्टरांना दोन रात्री झोप लागली नाही. नवऱ्याला त्यांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, यात विचार कसला करायचा. मग त्यांचा चेहरा बघून म्हणाला, तू ऑफिसात काही बोलूच नकोस, ते काय ते ठरवतील. पण गप्प बसणं म्हणजेसुद्धा बोलणंच होतं, हे त्यांना कळत होतं. दिराचं नाव घेतलं असतं तर उद्या मावशींच्या डोळ्याला डोळा देता आला नसता. ज्या दोघींना काढणार होते त्यांचं घरातलं कुणी इन्चार्ज नव्हतं.

त्यांनी सांगितलं, शेवटी आलेला आधी जावा, सगळीकडे असंच असतं. व्यवस्थापकांनी भुवया उंचावल्या आणि म्हणाले की तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. ती स्तुती पुरती न ऐकताच त्या उठल्या.

हुकूम निघायच्या आधी आपण स्वतः सांगायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. दीर बाजूच्या खोलीत दुसऱ्या दिवसाच्या नळ्या पुसत होता. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, एक शब्द न लपवता. त्याने ऐकताना हातातलं काम थांबवलं नाही. शेवटची नळी गुंडाळून ठेवल्यावर तो बोलला.

“वहिनी, एक विचारू? मी तुमचा दीर नसतो, बाहेरचा कुणी असतो, तर तुम्ही काय म्हणाला असता?”

त्यांची नजर गुंडाळलेल्या नळ्यांवर गेली.

“तुम्ही म्हणाला असता, ज्याला काम येतं त्याला ठेवा. भांडला असता माझ्यासाठी.” त्याचा आवाज शांत होता. “मला घरचा म्हणून फायदा नकोच होता. पण तोटा तरी कशाला केलात?”

तो म्हणत होता ते खरं होतं. आपण न्यायाने वागलो, अशी त्यांची समजूत होती. खरं म्हणजे लोक काय म्हणतील याला त्या भ्यायल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की चुकलं असेल तर माफ करा. तो म्हणाला, माफीचं काय, जेवायला किती वाजता येताय ते घरी तिला फोन करून सांगा.

त्या रात्री सगळे एकत्र जेवले. पुढच्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी सिस्टर कामावरून आल्या तर जाऊ ओट्यावरचे आपले डबे वर नेत होती. जाऊ भांडकुदळ नव्हती. तिने डबे खाली ठेवले, पदराला हात पुसले.

“ताई, तुमचा न्याय चांगलाच होता,” ती म्हणाली. “फक्त तो आमच्या ताटात वाढलात.”

सिस्टर तिला डबे उचलू लागल्या, आणि तिने नको म्हटलं नाही. दोघींनी मिळून अर्धं स्वयंपाकघर वर नेलं. पुतणी शाळेतून आली आणि दप्तर घेऊन जिन्यापाशी उभी राहिली. मग वर गेली.

थिएटरात वेगळंच चाललं होतं. कुणी काही ठरवलं नव्हतं, संप नव्हता, बंद नव्हता. पण उरलेल्या मावशी आता पेशंट खोलीबाहेर गेल्याशिवाय फडक्याला हात लावत नव्हत्या. मामा फोनपाशी बसून राहायचे, आणि फोन आला की विचारायचे, नक्की पाठवू ना? नर्स सेट उघडायच्या आधी नियम दाखवायच्या. नियमात कुणाचंच काही चुकत नव्हतं. आपण जितकं पटापट हात चालवू तितकी आपलीच माणसं घरी बसतील, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि त्यांना चूक म्हणायचं तोंड सिस्टरांना उरलं नव्हतं. एकदा त्या मामांना हळूच म्हणाल्या, मामा, पेशंट उपाशी असतात हो. मामांनी मान खाली घातली. म्हणाले, माहीत आहे सिस्टर, माझंही घर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनची वाट न बघता एक पेशंट आणला. एकच.

सकाळची पाच मिनिटं मात्र आता वरून सक्तीची झाली होती. सगळे दारात उभे राहायचे, सर दिवसाचं काम वाचून दाखवायचे, कुठे अडेल का विचारायचे. कुणी काही बोलायचं नाही. सर चिडायचे, तुम्हाला झालंय काय म्हणायचे, पूर्वी कसं छान चाललं होतं. ते मनापासून विचारत होते, हेच सिस्टरांना सगळ्यात जास्त टोचायचं. त्यांना खरोखर कळत नव्हतं. भुलीच्या मॅडम पुन्हा खिडकीत उभ्या राहून सरांच्या गाडीकडे बघू लागल्या.

आणि मग एके दिवशी तात्या आले. त्यांना उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. शेवटी म्हणाले, त्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीने दुसऱ्या दवाखान्यात बसून करायचं काम मिळालंय, नुसती देखरेख. बोलणं बरेच दिवस चालू होतं. म्हणजे कुणाला ठेवायचं ते ठरत होतं तेव्हापासून, असं सिस्टरांनी विचारलं. तात्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पक्कं नव्हतं हो, म्हणाले, आणि हातातली नोकरी कोण सोडतं?

सिस्टर धावतच ऑफिसात गेल्या. जागा रिकामी होतेय, दिराला परत घ्या, हे काम त्याच्याइतकं कुणाला येत नाही, हे त्या आता अगदी स्पष्ट, मोठ्याने बोलल्या. बाहेर कारकुनांनी माना वळवल्या. व्यवस्थापकांनी त्यांना पाणी दिलं. ती जागा भरायची नाही असं ठरलंय, ते म्हणाले. दुसऱ्या विभागातला माणूस गरज पडेल तसा येत जाईल. आणि तुमच्या दिराबद्दल म्हणाल तर, तुम्ही तेव्हा इतकं तत्त्वाने वागलात, आता असं बोललेलं तुम्हालाच शोभणार नाही.

घरी त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही, पण तात्या गेल्याची बातमी जावेला आधीच कळली होती. ती जिन्यात भेटली तेव्हा तिने वाट दिली, बस. दिराने तोवर इकडेतिकडे बदलीची कामं करून पाहिली होती. पुढे त्याला लांबच्या एका गावी छोट्या दवाखान्यात कायमची जागा मिळाली आणि ते तिघे गेले. सामान भरताना तो दोन्ही भावांच्या आयुष्यातल्या गमती सांगून सगळ्यांना हसवत होता. वहिनींच्या पायाही पडला. रीतीत कुठे कमी पडला नाही. वरच्या खोल्यांना सिस्टरांच्या नवऱ्याने कुलूप लावलं. भाडेकरू ठेवू म्हणाला, पण ठेवला नाही.

फोटो अजून मुख्य दारापाशीच होता आणि तो बघून की कुणाकडून ऐकून, दुसऱ्या एका हॉस्पिटलातून काही जण हे काम शिकायला आले. व्यवस्थापकांनी त्यांच्यापुढे उभं करायला सिस्टरांनाच बोलावलं. त्यांनी सांगितलं, जसं घडलं तसं: चहा, भांडणं, सकाळची पाच मिनिटं, टाके पडताना पुढचा पेशंट. चपलांची गोष्ट सर्जननी मध्येच उठून सांगितली आणि पाहुणे खूप हसले. पुढचं कुणी विचारलं नाही.

निघताना पाहुण्यांमधल्या एक इन्चार्ज सिस्टर मागे रेंगाळल्या. साधारण त्यांच्याच वयाच्या, पायांना सूज असलेल्या, सुरुवात कुठून करू म्हणून विचारत होत्या. सिस्टरांनी त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला नेलं.

“करा, जरूर करा. पेशंटचं भलं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय,” त्या म्हणाल्या. “पण आधी तुमच्या साहेबांकडून कबूल करून घ्या, की यातून एकही माणूस कमी होणार नाही. सगळ्यांच्या समोर.”

“असं कोण कबूल करेल हो?” त्या बाई म्हणाल्या.

“मग जरा सावकाश करा.”

त्या बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, काहीतरी विचारावंसं वाटलं त्यांना, पण खालून गाडी निघतेय म्हणून हाका आल्या.

महिन्याभरात सिस्टरांनी थिएटर सोडून वॉर्ड मागून घेतला. कारण विचारलं तेव्हा गुडघे सांगितले. दीर सणावाराला भावाला फोन करतो, पुतणी किती मार्क पडले ते काकांना सांगते. फोन झाला की नवरा तो टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, सगळे ठीक आहेत.